प्रमाणपत्राचे साठ तास : वाशिमच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव,
जिल्हा नियोजन समिती, वाशिम.

विषय : प्रकल्प व्यवस्थापन प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी लागणारे शिक्षणाचे तास जिल्ह्यातच मिळण्याची सोय करण्याबाबत.

महोदय/महोदया,

प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र परीक्षा देऊन एकदा मिळते, पण ते दर ३ वर्षांनी टिकवावे लागते. या क्षेत्रात सर्वाधिक ओळखले जाणारे प्रमाणपत्र म्हणजे पीएमपी, अर्थात प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. १९६९ साली अमेरिकेत स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजेच पीएमआय, ते १९८४ पासून देत आली आहे. परीक्षा उत्तीर्ण झाली की ३ वर्षांचे चक्र सुरू होते. त्या चक्रात धारकाने ६० पीडीयू जमवावेत, अशी अट आहे. पीडीयू म्हणजे प्रोफेशनल डेव्हलपमेंट युनिट. शिकण्यात किंवा शिकवण्यात गेलेला एक तास म्हणजे एक पीडीयू, आणि पाव तासाचीही ०.२५ अशी नोंद होते. याच संस्थेच्या ॲजाइल पद्धतीच्या (छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करण्याच्या पद्धतीच्या), म्हणजे पीएमआय-एसीपी या प्रमाणपत्रासाठी ३ वर्षांत ३० पीडीयू लागतात. नवख्यांसाठी असलेल्या सीएपीएमसाठी १५ पुरतात.

मुदतीचे प्रमाणपत्र ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेल्या डॉक्टरांना दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. प्रॅक्टिस करणाऱ्या सनदी लेखापालांना ३ वर्षांत १२० तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. अभियंत्यांच्या आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या वाट्याला मात्र एकदाच द्यायच्या परीक्षा आल्या. सेवेतील विभागीय परीक्षा किंवा एमएस-सीआयटी एकदा उत्तीर्ण झाली की तो विषय संपतो. पीएमपी या बाबतीत डॉक्टरांच्या नोंदणीच्या जवळ जाते.

नूतनीकरणाची अट ठेवण्याचे कारण विषयाच्या बदलत्या स्वरूपात आहे. पीएमआयच्या ‘पीएमबोक गाइड’ या मार्गदर्शक ग्रंथाची सहावी आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. तिची मांडणी १० ज्ञानक्षेत्रे आणि ४९ प्रक्रियांवर उभी होती. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने ती मांडणी बाजूला ठेवून १२ तत्त्वे आणि ८ कार्यक्षेत्रे पुढे आणली. त्याच वर्षाच्या जानेवारीत परीक्षेचाही आराखडा बदलला आणि सुमारे निम्मे प्रश्न ॲजाइल आणि संमिश्र पद्धतींवर आले. २०१८ साली उत्तीर्ण झालेल्या अभियंत्याने नंतर काहीच वाचले नसेल, तर आज त्याच्याकडे नाव तेच असले तरी ज्ञान जुन्या अभ्यासक्रमाचे आहे. ६० तासांची अट ही दरी भरण्यासाठी आहे.

हे ६० तास कसेही जमवून चालत नाहीत. त्यांचे दोन भाग पडतात. पहिला भाग शिक्षणाचा. त्यात किमान ३५ पीडीयू हवेत; सगळेच्या सगळे ६० याच भागातून जमवले तरी चालतात. या ३५ पैकी प्रत्येकी किमान ८ तीन विषयगटांत मिळवावे लागतात. पहिला गट कामाच्या पद्धतींचा : वेळापत्रक, खर्चाचा अंदाज, जोखीम, ॲजाइल. दुसरा माणसांशी वागण्याच्या कौशल्यांचा : नेतृत्व, संवाद, मतभेद मिटवणे. तिसरा व्यवहाराच्या जाणिवेचा : संस्थेची उद्दिष्टे, कायदे, खरेदीचे नियम, प्रकल्पातून होणारा लाभ. तिन्ही गटांचे मिळून २४ होतात. उरलेले ११ कोणत्याही गटात घेता येतात. वर्गातील किंवा ऑनलाइन प्रशिक्षण, व्यावसायिक सभा, चित्रफिती, वाचन आणि सहकाऱ्यांबरोबर ठरवून केलेली अभ्यासचर्चा हे सगळे शिक्षणात मोडते.

दुसरा भाग व्यवसायाला परत देण्याचा. त्याला कमाल २५ पीडीयूंची मर्यादा आहे. प्रकल्पावर प्रत्यक्ष काम करणे, व्याख्यान देणे, लेख किंवा प्रशिक्षणाचे साहित्य तयार करणे, नवशिक्याला मार्गदर्शन करणे आणि विनामोबदला सेवा देणे हे प्रकार त्यात येतात. यातली सर्वांत महत्त्वाची अट बहुतेक धारकांच्या नजरेतून सुटते. रोजच्या नोकरीतील कामाला संपूर्ण ३ वर्षांत फक्त ८ पीडीयू मिळतात. तीन उन्हाळे रस्त्याच्या कामावर उभे राहिलेल्या अभियंत्याच्या खाती त्या कामाचे ८ तासच जमा होतात. तेच काम त्याने दुसऱ्या अभियंत्यांना समजावून सांगितले, त्यावर टिपण लिहिले किंवा गावाच्या समितीला आराखडा करायला विनामोबदला मदत केली, तर उरलेली १७ पीडीयूंची जागा भरू शकते. कामावर मिळालेले ज्ञान कामापाशीच अडकून राहू नये, असा या नियमाचा रोख आहे. जिल्हा प्रशासनाचा या विषयाशी संबंध येतो तो इथेच.

नोंदणीची पद्धत विश्वासावर चालते, पण तपासणी होते. धारक स्वतःच्या खात्यावर तारीख, विषय, तास आणि आयोजकाचे नाव भरतो. पीएमआयने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेचाच वर्ग हवा, असे बंधन नाही. विषय प्रकल्प व्यवस्थापनाशी जुळणारा असला आणि हजेरीचा पुरावा असला, की इतर आयोजकांचे प्रशिक्षणही नोंदवता येते. काही धारक यादृच्छिक पद्धतीने तपासणीसाठी निवडले जातात आणि त्यांना कागद दाखवावे लागतात. म्हणून चक्र संपल्यानंतरही किमान १८ महिने पुरावे जपून ठेवायचे असतात. खोटे तास भरणे हा पीएमआयच्या आचारसंहितेचा भंग ठरतो. नूतनीकरणाचे शुल्क संस्थेच्या सदस्यांना ६० डॉलर आणि इतरांना १५० डॉलर आहे. देशानुसार दरात फरक पडू शकतो, त्यामुळे भरण्यापूर्वी तो पाहून घेणे बरे.

मुदतीत ६० पीडीयू झाले नाहीत तर प्रमाणपत्र वर्षभरासाठी निलंबित होते. त्या काळात नावापुढे पीएमपी लिहिता येत नाही. वर्षभरात उणीव भरून काढली तर ते पुन्हा चालू होते, पण पुढच्या चक्राच्या तारखा सरकत नाहीत. निलंबनात गेलेला वेळ पुढच्या ३ वर्षांतून वजा होतो. वर्ष उलटले तर प्रमाणपत्र रद्द होते आणि नव्याने अर्ज करून परीक्षा द्यावी लागते. उलट, चक्रात एकूण ६० पेक्षा जास्त जमले असतील तर शेवटच्या वर्षात मिळवलेल्या जादा पीडीयूंपैकी २० पर्यंत पुढच्या चक्रात नेता येतात.

वाशिममध्ये हा प्रश्न कुणाचा आहे, हेही पाहिले पाहिजे. शासकीय अभियंत्याच्या नेमणुकीसाठी पीएमपी आवश्यक नाही. ते लागते मुख्यतः सल्लागार कंपन्यांत, मोठ्या कंत्राटदारांकडे, माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात आणि देणगीदारांच्या निधीवर चालणाऱ्या सामाजिक संस्थांत. पुण्या-मुंबईच्या कंपनीचे काम घरून करणारे तरुण, बांधकाम कंपन्यांचे साइट अभियंते आणि संस्थांचे प्रकल्प समन्वयक असे धारक छोट्या जिल्ह्यांतही असतात. पीएमआयच्या महाराष्ट्रातील शाखा मुंबई आणि पुण्याच्या. तिथल्या सायंकाळच्या दोन तासांच्या सभेला पुण्यातला धारक ऑफिस सुटल्यावर जातो. वाशिमच्या धारकाला त्यासाठी रजा काढून रात्रीचा प्रवास करावा लागतो. ऑनलाइन वर्गांनी हे अंतर बरेच मिटवले. पण प्रत्यक्ष सभेतली चर्चा, व्याख्यान देण्याची संधी आणि सेवेचे तास अजूनही शहरांतच एकवटलेले आहेत.

शिकण्याजोग्या कामांची मात्र जिल्ह्यात वाण नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे ६ तालुके आहेत. २०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने आकांक्षित जिल्हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या ४ जिल्ह्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाच्या उस्मानाबादबरोबर वाशिम होता. आरोग्य, शिक्षण, शेती व पाणी, वित्तीय समावेशन व कौशल्ये आणि पायाभूत सुविधा अशा ५ विषयांतील ४९ निर्देशांकांवर जिल्ह्याची प्रगती मोजण्याची पद्धत या कार्यक्रमाने आणली. उद्दिष्ट ठरवणे, आधाररेषा घेणे, दरमहा मोजणे आणि मागे पडलेल्या निर्देशांकाचे कारण शोधणे हा प्रकल्प व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकातला धडा इथल्या कचेऱ्यांनी प्रत्यक्ष गिरवला आहे.

समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरपैकी सुमारे ९७ किलोमीटरचा पट्टा या जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मोठे काम टप्प्याटप्प्याने वापरात आणल्याने काय साधते आणि काय बिघडते, याचे हे घरचे उदाहरण. जमीन एकत्रीकरणाचा प्रस्ताव आणि थेट खरेदी या दोन वाटांपैकी शेतकऱ्यांनी कोणती का स्वीकारली, हा हितसंबंधीयांच्या व्यवस्थापनाचा अख्खा पाठ आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात राज्यातील १५ जिल्हे होते, त्यात वाशिमही. गावपातळीचे सूक्ष्म नियोजन आणि लाभार्थ्याच्या खात्यावर थेट अनुदान ही त्याची वैशिष्ट्ये. जलजीवन मिशनमधील नळयोजना, जलयुक्त शिवारमधील बंधारे, पैनगंगेवरील बॅरेजेस, ग्रामपंचायत विकास आराखडे हेही सगळे अभ्यासाचे विषय आहेत.

या कामांतील अडचणी पुस्तकी भाषेत मांडल्या तर तिन्ही विषयगट आपोआप भरतात. जून ते सप्टेंबर पावसाने मातीकाम थांबते आणि त्यापाठोपाठ सोयाबीनच्या काढणीत मजूर मिळत नाहीत. अशा जिल्ह्यात कामाचे वेळापत्रक कसे बांधावे, हा कामाच्या पद्धतींचा विषय. ग्रामसभेत जागेवरून वाद उठला तर तो कसा हाताळावा, वीजवाहिनी हलवण्यासाठी महावितरणशी समन्वय कसा ठेवावा, हा माणसांशी वागण्याचा विषय. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, देयक आणि पूर्णत्वाचा दाखला या साखळीत वेळ नेमका कुठे जातो, मागील वर्षांचे दायित्व नव्या कामांचा किती निधी खाते आणि मार्चएंडच्या घाईत गुणवत्तेचे काय होते, हा व्यवहाराच्या जाणिवेचा विषय.

इथे एक फरक काटेकोरपणे पाळावा लागतो. मासिक आढावा बैठक हे शिक्षण नव्हे, ते काम आहे. तिचे तास शिक्षणात भरता येत नाहीत. उद्घाटनाची भाषणे, सत्कार, चहापान आणि जेवणाची सुट्टीही तासांत धरली जात नाही. तेच अधिकारी त्याच सभागृहात बसले, पण आधी विषय ठरला, कुणीतरी पूर्ण झालेल्या एका कामाचे विश्लेषण मांडले आणि त्यावर दीड तास चर्चा झाली, तर ते दीड पीडीयूचे शिक्षण होते. मांडणाऱ्याला आपली मांडणी व्यवसायाला परत देण्याच्या भागात नोंदवता येते.

वाशिममध्ये राहून ३ वर्षांत ६० पीडीयू जमवण्याचा एक नमुना असा. प्रत्यक्ष कामाचे ८. तीन वर्षांत विनामोबदला मार्गदर्शन आणि व्याख्याने मिळून १२. शिक्षणाचे ४० : कामाच्या पद्धतींत १६, माणसांशी वागण्यात १२, व्यवहाराच्या जाणिवेत १२. या ४० पैकी मोठा वाटा घरबसल्या मिळतो. आयआयटींच्या प्राध्यापकांचे प्रकल्प व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम एनपीटीईएलवर विनाशुल्क पाहता येतात. शुल्क फक्त परीक्षेला असते. केंद्राच्या मिशन कर्मयोगीतील आयगॉट मंचावर शासकीय कर्मचाऱ्यांसाठी अभ्यासक्रम आहेत. त्यांतले विषयाला धरून असलेले तेवढेच निवडावेत. वाचनाचे तासही नोंदवता येतात. पुस्तकाचे नाव, वाचल्याच्या तारखा आणि काय शिकले याचे टिपण ठेवले की पुरावा तयार होतो. ६० तास ३६ महिन्यांत वाटले तर महिन्याला १०० मिनिटे येतात. हेच शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलले तर रोज एक तास, आणि तोही तिन्ही गटांचा हिशेब सांभाळून. महिन्याच्या हप्त्याने चालणाऱ्याला हा भार जाणवत नाही.

नमुन्यातील जे तास घरबसल्या मिळत नाहीत, तेच जिल्हा प्रशासनाच्या हाती आहेत. त्यासाठी नवी योजना, नवे पद किंवा वेगळा निधी लागत नाही. सभागृहे आहेत, विषय आहेत, सांगणारे अनुभवी अभियंते आहेत. उणीव आहे ती तास मोजणाऱ्या कागदाची. जिल्ह्यात होणाऱ्या प्रशिक्षणाच्या दाखल्यावर ‘प्रशिक्षणास उपस्थित होते’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यावरून किती तास आणि कोणत्या विषयाचे, हे कळत नाही. तपासणीत असा दाखला टिकत नाही. दाखल्यावर ६ गोष्टी हव्यात : प्रशिक्षणाचे नाव, तारीख, सुट्टी वगळून निव्वळ तास, विषयांची यादी, व्याख्यात्याचे नाव आणि आयोजक कार्यालयाची सही-शिक्का. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असावा, कारण तो तपासणारा परदेशात बसलेला असू शकतो.

यावरून जिल्हा प्रशासनाकडे पुढील मागण्या निघतात.

१. जिल्हा नियोजन समिती, जिल्हा परिषद आणि बांधकाम, जलसंधारण व पाणीपुरवठा यंत्रणांच्या सर्व तांत्रिक प्रशिक्षणांसाठी तास आणि विषय नमूद करणारा एकच नमुना-दाखला ठरवून द्यावा.

२. दर तिमाहीला पूर्ण झालेल्या एका कामाचे अभ्याससत्र घ्यावे. काम करणाऱ्या अभियंत्याने ते मांडावे : अंदाजपत्रक किती होते, खर्च किती झाला, मुदतवाढ का लागली, पुन्हा केले तर काय वेगळे करता येईल. दोन तासांचे सत्र धरले तर वर्षाला ८ आणि ३ वर्षांत २४ तास होतात. वाशिमचे शासकीय तंत्रनिकेतन आणि रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र अशा ठिकाणी आळीपाळीने ती झाली, तर विद्यार्थ्यांना आणि शेतकरी गटांनाही बसता येईल.

३. या सत्रांना खाजगी क्षेत्रातील आणि सामाजिक संस्थांतील प्रमाणपत्रधारकांनाही प्रवेश द्यावा. शासकीय अभियंत्याला बाहेरची पद्धत कळते, आणि बाहेरच्याला शासकीय नियम.

४. विनामोबदला मदत करू इच्छिणाऱ्या प्रमाणपत्रधारकांची यादी जिल्हा परिषदेने ठेवावी आणि मागणी करणाऱ्या ग्रामपंचायतींना ती द्यावी. गावाच्या आराखड्यातील कामांचा क्रम लावणे, पाणीपुरवठा समितीला कामाचे वेळापत्रक वाचायला शिकवणे, जोखमींची यादी करून देणे अशी मदत त्यांनी करावी. झालेल्या मदतीचे तास ग्रामपंचायत अधिकाऱ्याने लेखी प्रमाणित करावेत.

या व्यवस्थेच्या मर्यादाही आधीच ठरलेल्या बऱ्या. मदत करणाऱ्याने मोबदला घेतला किंवा ते त्याच्या नोकरीचेच काम असले, तर ती सेवा ठरत नाही. ज्या ग्रामपंचायतीच्या कामात त्याचे किंवा त्याच्या कंपनीचे कंत्राट आहे, तिथे त्याला पाठवू नये. चौकशी किंवा न्यायालयीन वाद चालू असलेली कामे अभ्याससत्रासाठी घेऊ नयेत, आणि सत्रातील कबुलीचा वापर कुणाच्या गोपनीय अहवालात होणार नाही, अशी लेखी हमी असावी. ती नसेल तर चुकांविषयी कुणी बोलणार नाही आणि सत्र सत्कारसमारंभ होऊन बसेल. प्रमाणपत्र कुणावर सक्तीचे करू नये. ज्याच्याकडे ते नाही त्या कनिष्ठ अभियंत्यालाही सत्राचा दाखला मिळावा. पुढे पीएमपीच्या परीक्षेला बसायचे ठरवले, तर त्याआधी लागणाऱ्या ३५ तासांच्या प्रकल्प व्यवस्थापन प्रशिक्षणाची ओळख त्याला इथेच झालेली असेल.

लाभ कुणाचा, याचा हिशेब सरळ आहे. प्रमाणपत्रधारकाचे प्रमाणपत्र टिकते, ही त्याची खाजगी बाब. जिल्ह्याचा लाभ त्यापेक्षा मोठा आहे. अभियंत्याची बदली झाली की त्याने पाच वर्षांत शिकलेले त्याच्याबरोबर जाते. मोजमाप पुस्तकात कामाचे घनमीटर उरतात, ते काम का रखडले हे उरत नाही. दर तिमाहीला एका कामाची कारणमीमांसा लिहून ठेवली, तर ३ वर्षांत १२ कामांचे टिपण जिल्हा नियोजन समितीच्या दप्तरी जमेल आणि पुढच्या अंदाजपत्रकांना त्याचा आधार मिळेल. पहिले सत्र नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत, मार्चअखेरची देयके उरकल्यावर आणि पाऊस सुरू होण्याआधी घेता येईल. दाखल्याचा नमुना त्याआधी एका परिपत्रकाने ठरू शकतो.

कळावे.

वाशिम जिल्ह्यातील एक नागरिक